स्वतःचं काम करताना रोज कामाला बसणं कसं जमवता?

अनुवादी_सांगली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं पुण्यात एका कंपनीत कंटेंट टीममध्ये होतो, आईची तब्येत आणि घरची बाकी कारणं यामुळे सांगलीला परत आलो आणि आता घरूनच इंग्रजी-मराठी भाषांतर करतो. काम नाही अशी तक्रार नाहीये. दोन एजन्सी नियमित काम देतात, एक पुण्याची, एक परदेशातली, आणि सध्या एका प्रकाशकाचं पुस्तकही हातात आहे. बँकेचे फॉर्म, औषधाच्या पाकिटातली माहितीपत्रकं, ॲपमधली बटणं असं काय काय येतं आणि खरंच सांगतो मला हे काम मनापासून आवडतं.

अडचण अशी की एजन्सीची डेडलाइन असली की मी रात्री दोन-दोनपर्यंत बसून चार-पाच हजार शब्द उपसतो आणि त्यानंतर दोन दिवस कीबोर्डला हात लावावासा वाटत नाही. ज्या कामाला जवळची तारीख नाही ते तर तसंच पडून राहतं. पुस्तक द्यायचंय सहा महिन्यांनी, त्यामुळे ते रोज "उद्या"वर जातं. थेट कंपन्यांना नमुने पाठवून स्वतःचे क्लायंट मिळवायचे हे नोकरी सोडताना ठरवलेलं, त्याला अजून सुरुवात नाही.

सकाळी नऊला बसायचं ठरवतो. पण नळाला पाणी येतं, आईच्या गोळ्या, मग सिलिंडरवाला, मग शेजारचे काका "घरीच आहेस ना, जरा बँकेत येतोस का माझ्याबरोबर", त्यांना नाही कसं म्हणणार, वय झालंय त्यांचं. साडेअकरा वाजतात. मग आता जेवण झाल्यावरच बसू असं होतं आणि जेवणानंतर मेल बघण्यात आणि यूट्यूबवर "शिस्त कशी लावावी" टाइप व्हिडिओ बघण्यात दुपार जाते. बायको शाळेतून परत येते तेव्हा तिला दिवसभर काय केलं हे सांगायला जड जातं.

करून बघितलेल्या गोष्टी: २५ मिनिटं काम ५ मिनिटं ब्रेकवालं पोमोडोरो (भाषांतरात वाक्याच्या ऐन मध्यावर घंटा वाजते आणि हातातला शब्द जातो), कामांच्या यादीचं ॲप, पहाटे पाचला उठणं. प्रत्येक गोष्ट थोडे दिवस चालते, मग एखादा दिवस चुकतो आणि एकदा चुकला की सगळंच बंद.

म्हणून विचारतोय, तुम्ही कुठल्याही धंद्यात असा, वर कोणी साहेब नसताना रोजच्या रोज कामाला कसं लागता? व्हिडिओतली वाक्यं नकोत, तुम्ही स्वतः काय करता तेवढं सांगा.

शिवणकाम_नाशिक

दादा मी घरी ब्लाउज, ड्रेस शिवते, फॉल-पिको करते. तुमचं भाषांतराचं मला कळत नाही पण "घरीच आहेस ना" हे फार चांगलं कळतं. बाई घरी मशीन चालवते म्हणजे तिला वेळच वेळ असं सगळ्यांना वाटतं, त्यात सासरचे माहेरचे सगळे आले.

मला ज्याचा खरा उपयोग झाला ते म्हणजे दाराबाहेर पाटी लावली, टेलरिंगची वेळ ११ ते ५. गिऱ्हाईकासाठी लावली होती पण फायदा घरच्यांमुळे झाला. पाटी दिसली की पाहुणे पण विचारून येतात, भिशीच्या बायका पण पाचनंतर येतात. ११ च्या आधी घरातलं सगळं, पाणी भरणं, डबे, बाजार, आणि त्या वेळात मशीनकडे बघत पण नाही. तुम्ही नऊला बसायचं कशाला धरून बसलात? तुमच्या घरात नऊ ही वेळ पाण्याची आणि गोळ्यांची आहे, ती कामाची होणारच नाही. सव्वाअकरा धरा पण मग त्यानंतर काकांना सांगा की पाचला येतो. बँक लवकर बंद होते हे खरं, तर आठवड्यातला एक दिवस त्यांना देऊन टाका, मंगळवारी सकाळी मी तुमचा. वयस्कर माणसाला ठरलेला वार आवडतो, तो वाट बघतो आणि बाकीचे दिवस हाक मारत नाही.

दुसरं, एक ब्लाउज म्हणजे एक काम नाही. माप, अस्तर भिजवून वाळवणं, कटिंग, शिलाई, हुक-काज, इस्त्री एवढी कामं आहेत. मी कटिंग सगळं एकदम करते कारण त्याला डोकं शांत लागतं आणि टेबल मोकळं लागतं, चुकलं तर कापड गेलं. शिलाई रोज. हुक लावणं संध्याकाळी सासूबाईंशी गप्पा मारता मारता. ज्या दिवशी अंगात त्राण नसतं त्या दिवशी पण हुक लावून होतात, म्हणजे तो दिवस पूर्ण रिकामा जात नाही. तुमच्या कामात पण असं डोक्याचं आणि बिनडोक्याचं वेगळं काढता येत असेल बघा.

आणि तारीख गिऱ्हाईकाच्या समोर वहीत लिहायची, त्यांना वाचून दाखवायची. मनातल्या मनात ठरवलेली तारीख मी कधीच पाळली नाहीये पण वहीतली पाळते कारण ती बाई हॉलवर त्या साडीवर उभी राहणार आहे ना.

वाचतोय_फक्त

२१ दिवस सलग करा, सवय लागते. सायन्सने सिद्ध झालंय.

कोथरूडचा_एडिटर

२१ दिवसांचं नाही हो सिद्ध झालेलं. ते १९६० सालच्या एका प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणावरून आलंय, पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात असं त्याने लिहिलं आणि पुढे लोकांनी त्यातला "निदान" काढून टाकला. प्रत्यक्ष मोजलं ते युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या लोकांनी, २००९ मध्ये ते छापून आलं. ९६ जणांना रोज एक छोटी गोष्ट करायला सांगितली, नाश्त्यानंतर पाणी पिणं, जेवणाआधी पळायला जाणं अशी. सवय पक्की व्हायला सरासरी ६६ दिवस, पण माणसामाणसात फरक केवढा तर १८ पासून २५४ पर्यंत. आणि अनुवादी, तुमच्यासाठी त्यातली खरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात काही विशेष फरक पडला नाही. तुम्ही लिहिलंय एक दिवस चुकला की सगळंच बंद, तर तिथे तुमचं नुकसान होतंय. चुकलेल्या दिवसाने काही बिघडत नाही, त्यानंतर "गेलं आता" म्हणून सोडलेल्या दहा दिवसांनी बिघडतं.

मी व्हिडिओ एडिटिंग करतो, लग्नाचे व्हिडिओ आणि यूट्यूब चॅनेलवाल्यांचं काम. घरात मला कधीच जमलं नाही. को-वर्किंगचे दर परवडणारे नव्हते म्हणून मी सरळ अभ्यासिका लावली. एमपीएससीवाली मुलं बसतात ना पेठांमध्ये तशी, आता आमच्या भागात पण झाल्यात. महिन्याची फी, स्वतःचा खण, चार्जिंग पॉइंट, एसी असला तर थोडे जास्त. हेडफोन लावून काम करतो, कोणी बोलत नाही, आणि आजूबाजूला चाळीस मुलं मान खाली घालून बसलेली असताना तुमचा हात मोबाइलकडे जातच नाही. कॉल आला तर बाहेर जावं लागतं ही एकच अडचण. सांगलीत पण विश्रामबागकडे अभ्यासिका असतील, चौकशी करा. आईला एकटं ठेवणं शक्य नसेल तर दिवसातून फक्त तीन तास जा, पण ते तीन तास पुस्तकाचे.

गुरुवारी आमच्याकडे लाइटचा किंवा पाण्याचा भरवसा नसतो, त्यामुळे गुरुवार मी बाहेरच्या कामांना ठेवलाय. हार्ड डिस्क पोचवणं, क्लायंटला भेटणं, सीएकडे जाणं. उरलेले दिवस त्यामुळे अखंड मिळतात.

एक मात्र शिवणकाम ताईंशी पूर्ण सहमत नाही. ठरलेली वेळ सगळ्यांना जमते असं नाही. लग्नसराईत मी रात्रीच काम करतो कारण रॉ फुटेजच रात्री हातात येतं. तुळशीच्या लग्नानंतर जे सुरू होतं त्यात कसलं ११ ते ५. मी वेळ न धरता आठवड्याचे तास धरतो, सीझनमध्ये जास्त, पितृपक्षात कमी.

शिवणकाम_नाशिक

सीझन आम्हालाही असतो भाऊ, चैत्र-वैशाखात मी पण रात्री बसते. पण पाटीवरची वेळ बदलत नाही. रात्रीचं ते वरचं काम झालं. एकदा वेळ हलवली की घरचे परत सकाळी कामं सांगायला लागतात, हे बाईमाणसाच्या घरात जास्त होतं, तुम्हाला कदाचित तेवढं जाणवणार नाही.

अनुवादी_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांना वार देऊन टाकायची कल्पना तर मी आजच बोलून बघितली, त्यांनी लगेच बुधवार मागितला! अभ्यासिकेची पण चौकशी करतो, आई दुपारी दोन तास झोपते तेवढ्यात जाता येईल.

डोक्याचं आणि बिनडोक्याचं काम वेगळं काढायचं यावर विचार करतोय. फाइल तयार करणं, शब्दसूची लावणं, आकडे आणि नावं तपासणं, बिलं पाठवणं ही हुक लावण्यासारखी कामं आहेत खरी. बिलांवरून आठवलं, त्या पुण्याच्या एजन्सीकडून तीन महिन्यांची बिलं यायची आहेत. त्यांचं काम उघडलं की हल्ली मन लागत नाही, परदेशी एजन्सीचं मात्र पटकन होतं. त्याचा याच्याशी काही संबंध असेल का?

जुनी_भाषांतरकार

संबंध असेल का काय, तोच तर मुख्य संबंध आहे! मी या कामात तुमच्यापेक्षा बरीच आधीपासून आहे आणि माझं स्पष्ट मत सांगते, आपल्यासारख्यांचं मोटिव्हेशन गेलं असं वाटतं तेव्हा आधी उधारीची वही बघावी. आज केलेल्या कामाचे पैसे कधी येणार, येणार का नाही, हे माहीत नसेल तर मन त्या कामाला मागे ढकलतंच, तो आळस नाही. तुम्ही स्वतःला दोष देत बसलाय आणि तिकडे बिलं अडकलीत.

पहिलं काम म्हणजे उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे आपल्यासारख्या छोट्या व्यावसायिकांची सरकारी नोंदणी, करा. सरकारी पोर्टलवर फुकट होतं, आधार आणि पॅन लागतं, पैसे मागणाऱ्या दुसऱ्या साइटवर जाऊ नका. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल, करार काहीही असो, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, आणि लेखी करारच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. शिवाय २०२४ पासून आयकरातही अशी तरतूद आली की वेळेत न दिलेलं बिल कंपनीला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येतं. त्यामुळे अकाउंट्सवाले मार्चच्या आधी स्वतःहून फोन करायला लागलेत. बिलावर उद्यम नंबर आणि "देय दिनांक" छापा, एवढ्यानेच निम्मी वसुली सुधारते. नाहीच दिले तर फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे अशा थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी समितीकडे, तक्रार करता येते पण बहुतेक वेळा तिथवर जावं लागत नाही. नोंदणी नव्या कामाच्या आधी झालेली असू द्या, आणि हे सगळं भारतातल्या क्लायंटसाठी आहे, बाहेरच्याला लागू नाही.

दुसरं, स्वतःला पगार द्या. येईल तो पैसा एका खात्यात आणि १ तारखेला ठरलेली रक्कम घरखर्चाच्या खात्यात. चांगल्या महिन्यात उड्या नाहीत आणि कोरड्या महिन्यात घाबरणं नाही. टीडीएस कापला म्हणजे टॅक्स झाला असं धरू नका, थोडे बाजूला काढत चला. निदान तीन महिन्यांचा घरखर्च साठला की तुमची झोप बदलते आणि झोप बदलली की सकाळ बदलते. हे मी अनेक नवीन मुलांमध्ये बघितलंय.

आता कामाचं. पाच हजार शब्द एका रात्रीत हे बंद करा, कृपा करून बंद करा. दिवसाला दोन ते अडीच हजार शब्द, तपासून, हा आपल्या कामात चांगला वेग आहे. औषधाच्या माहितीपत्रकात रात्री दोन वाजता "दिवसातून दोनदा"चं "दोन दिवसांतून एकदा" झालं तर कोणाच्या तरी आईच्या गोळ्या चुकतील. मी सकाळी नवा मजकूर करते आणि दुपारी कालचा तपासते, आजचा आजच कधी तपासत नाही. कालचं तपासायला बसले की त्या मजकुराची भाषा कानात येते आणि दुसऱ्या दिवशी पुढचं सुरू करणं जड जात नाही. उठताना परिच्छेद संपवून उठू नका, सोपं वाक्य आलं की तिथे थांबा, म्हणजे सकाळी पहिलं वाक्य तयार असतं.

आणि पुस्तक. सहा महिन्यांनी द्यायचं पुस्तक सहाव्या महिन्यातच होतं, सगळ्यांचं. प्रकाशकाला सांगून प्रकरणवार द्या, तीन प्रकरणं दिली की तेवढे पैसे. संपादकालाही बरं पडतं, भाषेबद्दल काही म्हणणं असेल तर ते सुरुवातीलाच कळतं, सगळं झाल्यावर नाही.

तासगावकर

तुमच्याच जिल्ह्यातला हाय म्हणून लिहितो. आमची द्राक्षबाग. शेतकऱ्याला पण साहेब नसतो पण आम्हाला कोणी विचारत नाही मोटिव्हेशन कुठनं आणता म्हणून, कारण वेल थांबत नाही. ऑक्टोबर छाटणी घेतली की त्या दिवसापासनं कॅलेंडर वेलीचं, डोळे फुटायला काडीला पेस्ट, विरळणी, मणी फुगायला जीए या संजीवकात घडांच्या बुडवण्या, ढगाळ हवा आली की डाउनी या बुरशीच्या रोगाची फवारणी रात्री बारा वाजता असली तरी घ्यावी लागते. ते दिवस सोपे असतात खरं तर, पळायचं एवढंच असतं.

अवघड एप्रिल ते जून. खरड छाटणी, म्हणजे उन्हाळ्यातली छाटणी, झालेली असते, बागेत माल नाही, पैसा नाही, ऊन मरणाचं, टँकरचं पाणी, आणि बघणाऱ्याला वाटतं बागेत काही चाललंच नाही. पण सूक्ष्म घडनिर्मिती तेव्हाच होते. छाटणीनंतरच्या त्या दीडदोन महिन्यांत काडीवरच्या डोळ्याच्या आत घड ठरतो आणि तो ऑक्टोबर छाटणीनंतर फुटून बाहेर दिसतो. तेव्हा पाणी-खत-काडीची विरळणी यात ढिलाई केली तर नंतर कितीबी फवारण्या करा, घड नसतोच. तुम्ही जे लिहिलंय की थेट क्लायंटना नमुने पाठवायचे राहून गेलेत ते मला तसलं काम वाटतंय. त्याला तारीख कोणी देणार नाही, आणि पुढच्या वर्षीचा माल त्याच्यावर हाय.

मी काय करतो सांगू, त्या महिन्यांत आम्ही चार बागायतदार दर शनिवारी एकमेकांच्या बागेत फिरतो. आळीपाळीनं. शनिवारी माणसं येणार म्हटलं की शुक्रवारपर्यंत बाग व्यवस्थित होते. तुमच्या धंद्यातली दोन माणसं बघा, आठवड्यातनं एकदा फोनवर, काय पाठवलं काय नाही एवढंच एकमेकांला सांगायचं.

कोथरूडचा_एडिटर

हे शनिवारचं फार आवडलं. अनुवादी, भाषा वेगळी असली तरी मी यायला तयार आहे, माझेही शोरील, म्हणजे कामाच्या नमुन्यांचे व्हिडिओ, अपडेट करायचे राहिलेत. आणखी एक, हे सगळं करूनही जर महिनाभर झोप-भूक बिघडलेली, कशातच मन नाही, आवडतं कामसुद्धा नकोसं असं असेल तर त्याला शिस्तीचा प्रश्न समजू नका, डॉक्टरशी बोला. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे सरकारचा, फुकट, मराठीत बोलता येतं. माझ्या एका मित्राने वर्षभर स्वतःला आळशी समजण्यात घालवलं म्हणून लिहितोय.

अनुवादी_सांगली

तसं नाहीये माझं, झोप लागते, काम हातात घेतलं की आवडतं पण. तरी लिहिलंत ते बरं केलंत, वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल.

शनिवार नक्की करूया, संध्याकाळी सहा चालेल का? तासगावकर दादा, खरड छाटणीचं मला माहीत नव्हतं, तासगाव इतकं जवळ असून. उद्यमचं आज दुपारी भरून टाकतो आणि सव्वाअकराची वेळ सोमवारपासून धरतो.

जुनी_भाषांतरकार ताई, प्रकाशकाला प्रकरणवार पैशांचं कसं लिहू? करार तर झालाय, त्यात सगळं एकदम असं आहे. संबंध बिघडायला नकोत, त्यांनी विश्वासाने काम दिलंय.

जुनी_भाषांतरकार

संबंध बिघडत नाहीत, संपादकांना वेळापत्रक देणारा भाषांतरकार हवाच असतो. पैशाने सुरुवात करू नका, मजकुराने करा. असं काहीतरी लिहा:

"सप्रेम नमस्कार. पुस्तकाचं काम सुरू आहे. पूर्ण हस्तलिखित एकदम देण्याऐवजी दर महिन्याच्या २५ तारखेला तीन प्रकरणं आपल्याकडे पाठवावीत असं वाटतं, म्हणजे भाषेविषयी आपल्या सूचना पुढच्या प्रकरणांत लगेच घेता येतील. त्या त्या टप्प्यावर मानधनाचा तेवढा भाग देणं आपल्याला शक्य असेल तर मला काम अधिक नियमित करता येईल. तसं ठरल्यास करारात एका ओळीची दुरुस्ती पुरेल. पहिली तीन प्रकरणं या महिन्यात पाठवतो."

शेवटचं वाक्य गाळू नका. ते हो म्हणोत किंवा नाही, पहिली तीन प्रकरणं जायला हवीत. पैशांना नाही म्हणाले तरी तारखांना नाही म्हणणार नाहीत. आणि मेलला प्रकरणांची यादी तारखांसकट जोडा. दिवाळीच्या महिन्यात तीनच्या ऐवजी दोन धरा, दिवाळी अंकांच्या गडबडीत त्यांनाही वाचायला वेळ नसतो.